घोड्यांचा दुष्काळातील आहार

अवर्षणामुळे किंवा लांबलेल्या उन्हाळ्यामुळे कुरणे उजाड झाली असता घोडे, तट्टे व शिंगरे यांना जगविण्यासाठी आणि त्यांची कार्यक्षमता टिकविण्यासाठी आखलेल्या वैरणीच्या व खुराकाच्या योजनेस दुष्काळातील आहार असे म्हणता येईल. दुष्काळ हा सर्वच शाकाहारी जनावरांवर ओढवणारा प्रसंग असला, तरी घोड्याची पचनसंस्था गाय, बैल, म्हैस, शेळी इ. रवंथ करणाऱ्या प्राण्यांपेक्षा वेगळी आहे. त्यामुळे गुरांसाठी योजलेले उपाय घोड्यास जसेच्या तसे लागू पडत नाहीत. काही तर त्याच्या जिवावर बेततात. वैरण मिळत नाही म्हणून तिची उणीव धान्याने भरून काढणे, ही या काळात घडणारी सर्वांत सामान्य व सर्वांत घातक चूक होय. घोड्यास धान्यावाचून जगता येते, परंतु वैरणीवाचून जगता येत नाही, हे दुष्काळातील अश्व-आहाराचे मूलतत्त्व आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न मुख्यतः पर्जन्यछायेच्या प्रदेशात उद्‌भवतो. पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग, सोलापूर, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), साताऱ्यातील माण व खटाव हे तालुके आणि मराठवाड्याचा काही भाग येथे पाऊस कमी व बेभरवशाचा असतो. याच टापूत भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टांची परंपरा आहे. मराठ्यांच्या घोडदळात नावाजलेली ही काटक जनावरे आज प्रामुख्याने धनगरांच्या कळपांबरोबर बिऱ्हाडाचे ओझे, कोकरे व कोंबड्या वाहून नेण्याचे काम करतात. टांगा, गिरिस्थानांवरील प्रवासी वाहतूक व लग्नाच्या वराती यांसाठीही घोडी पाळली जातात. अशा मालकाच्या दृष्टीने घोडा हा शौकाचा विषय नसून चरितार्थाचे साधन असतो. घोडे दूध देत नाही व त्याच्यासाठी सहसा स्वतंत्र छावणीही निघत नाही. १९७२-७३, २०१२-१३ व २०१८-१९ या वर्षांतील दुष्काळांत उभारलेल्या चारा छावण्यांची रचना मुख्यतः गाई-बैल व म्हशी यांच्यासाठीच होती. म्हणून घोड्याच्या आहाराची जाण खुद्द पाळणाऱ्यास असणे अगत्याचे ठरते.

उजाड कुरण व घोडा : हिरव्या गवतात ७० ते ८० टक्के पाणी असते आणि कॅरोटीन हे अ जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य विपुल असते. गवत पक्व होऊन वाळू लागले की, त्यातील प्रथिने घटतात, काष्ठयुक्त तंतू वाढतात व कॅरोटीन नाहीसे होत जाते. वाळलेल्या डोंगरी गवतात, म्हणजे करडात, प्रथिने अवघी ३ ते ४ टक्के उरतात. अवर्षणात तर हे गवतही पुरेसे उगवत नाही.

घोड्यास वरचे व खालचे असे दोन्ही बाजूंचे कृंतक दात (पटाशीचे दात) असल्याने तो गवत अगदी मुळाशी कुरतडतो. गाईस वरचे कृंतक नसतात. ती जिभेने गवत ओढून खाते, त्यामुळे अतिशय आखूड गवत तिला खाता येत नाही. घोड्याच्या या क्षमतेचे दुष्काळात दुष्परिणाम दिसतात. कुरणातील गवताचे गड्डे उघडे पडून पुढील वर्षीची वाढ खुंटते. गवताबरोबर माती व वाळू पोटात जाऊन बृहदांत्रात साठते आणि त्यामुळे जुलाब व पोटशूळ उद्‌भवतात. शिवाय एरवी ज्या वनस्पतींना घोडा तोंड लावीत नाही, त्याही तो भुकेपोटी खातो. यासाठी गवत बोटभर उंचीचे उरले की, घोड्यांना कुरणातून काढून लहान आवारात किंवा पागेत बांधावे आणि वैरण जमिनीवर न टाकता गव्हाणीत वा पोत्यांवर घालावी.

पचनसंस्थेची मर्यादा : गुरांच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात सूक्ष्मजीवांकरवी वैरणीचे किण्वन (आंबण्याची क्रिया) होते व त्यानंतर अन्न जठरात आणि लघ्वांत्रात जाते. घोड्यात हा क्रम उलटा असतो. त्याचे जठर लहान, सु. ८ ते १५ लि. धारणशक्तीचे असते. अन्न प्रथम जठर व लघ्वांत्र यांतून जाते आणि तंतुमय भागाचे किण्वन शेवटी अंधनाल व बृहदांत्र यांत होते. संपूर्ण अन्नमार्गाच्या धारणशक्तीपैकी सु. ६० टक्के वाटा या पश्चभागाचा असतो.

या रचनेचे तीन परिणाम दुष्काळाच्या संदर्भात महत्त्वाचे आहेत. पहिला परिणाम असा की, अन्न गुरांच्या मानाने घोड्याच्या पोटातून लवकर पुढे सरकते. त्यामुळे निकृष्ट गवतातील तंतूंचे पचन गाईइतके पूर्ण होत नाही. परंतु घोडा अधिक खाऊन ही तूट भरून काढतो. म्हणून निकृष्ट पण मुबलक गवतावर घोडा चांगला तग धरतो. गवत मोजकेच असेल, तर मात्र तेवढ्याच वैरणीवर गाय जगते व घोडा खंगतो. दुष्काळात नेमकी मात्रेचीच टंचाई असल्याने घोडा लवकर संकटात येतो.

दुसरा परिणाम असा की, घोड्याच्या जठरात अम्ल सतत स्रवत असते, लाळ मात्र चर्वणाच्या वेळीच सुटते. एक किग्रॅ. वाळलेले गवत चघळण्यास घोड्यास सु. ४० मिनिटे लागतात. तेवढेच धान्य तो सु. १० मिनिटांत संपवितो. मोकळ्या कुरणात घोडा दिवसाचे १४ ते १६ तास चरतो. वैरणीअभावी जठर दीर्घकाळ रिते राहिल्यास त्याच्या अस्तरास व्रण पडतात. भुकेलेला घोडा गव्हाणीचे लाकूड, दोर, साली, माती व लीद खाऊ लागतो, त्याचे कारण हेच होय.

तिसरा परिणाम सर्वांत गंभीर आहे. एका वेळी जास्त धान्य दिल्यास त्यातील स्टार्च लघ्वांत्रात पुरता पचत नाही व तसाच बृहदांत्रात जातो. तेथे त्याचे जलद किण्वन होऊन लॅक्टिक अम्ल निर्माण होते, तंतू पचविणारे सूक्ष्मजीव मरतात व विषारी द्रव्ये रक्तात मिसळतात. यातून तीव्र पोटशूळ किंवा खुरांच्या आतील पटलांचा दाह उद्‌भवतो. घोड्यास ओकारी होत नसल्याने पोटात गेलेले अन्न बाहेर टाकण्याचा मार्ग नसतो. अतिरेक झाल्यास जठर फुटूही शकते. पटलदाहाने लंगडा झालेला घोडा पुष्कळदा कायमचा निकामी होतो.

आहाराची गरज : घोड्यास दररोज शरीरवजनाच्या १·५ ते २·५ टक्के इतके शुष्क द्रव्य (पाण्याचा अंश वगळता उरणारे अन्न) लागते. यांपैकी वैरणीचा वाटा शरीरवजनाच्या किमान १·५ टक्के असावा. अगदी निकडीच्या काळातही तो १ टक्क्याखाली जाऊ देऊ नये. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रमाणांनुसार विश्रांती घेणाऱ्या ५०० किग्रॅ. वजनाच्या घोड्यास दररोज सु. १६·७ मेगॅकॅलरी पचनीय ऊर्जा, ६३० ग्रॅ. प्रथिने, २० ग्रॅ. कॅल्शियम व १४ ग्रॅ. फॉस्फरस लागते. २५० किग्रॅ. वजनाच्या तट्टास याच्या निम्मी मात्रा पुरते. कष्टाचे काम, गर्भावस्थेचे अखेरचे तीन महिने व अंगावर शिंगरू असणे या अवस्थांत ही गरज वाढते. त्यामुळे टंचाईत उत्तम प्रतीची वैरण प्रथम दुभत्या घोड्या व शिंगरे यांना, त्यानंतर गाभण घोड्यांना व कामाच्या घोड्यांना आणि शेवटी बसून असणाऱ्या जनावरांना द्यावी.

काटा उपलब्ध नसल्यास वजनाचा अंदाज फितीने घेता येतो. खांद्यामागून घेतलेल्या छातीच्या घेराचा (सेंमी.) वर्ग करून त्यास खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने (सेंमी.) गुणावे आणि ११,८८० ने भागावे, उत्तर किग्रॅ.मध्ये येते. उदा., घेर १४५ सेंमी. व लांबी १४० सेंमी. असल्यास वजन सु. २४८ किग्रॅ. भरते. दर पंधरवड्यास हे माप घेतल्यास घसरण वेळीच ध्यानात येते. अंगावरील मांसमेद अजमावण्यासाठी १९८३ मध्ये हेनेके व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचविलेली १ ते ९ अंकांची श्रेणी वापरली जाते. बरगड्या दिसत नाहीत पण हाताला सहज लागतात, ही स्थिती ५ अंकांची मानतात. बरगड्या, कण्याचे मणके व पुठ्ठ्याची हाडे उघड दिसू लागली की, श्रेणी ३ च्या खाली गेली असे समजावे. हिवाळ्यातील दाट केसांमुळे रोडपणा झाकला जातो, म्हणून नजरेवर विसंबून न राहता हाताने चाचपून पाहावे.

वैरणीचे प्रकार : (१) कडबा : दख्खनच्या पठारावर ज्वारीचा कडबा ही घोड्यांची परंपरागत वैरण आहे. त्यात प्रथिने ३ ते ५ टक्केच असली, तरी पोट भरण्यास व पचन चालू ठेवण्यास तो उत्तम असतो. त्याची जाड धांडे घोडा टाकून देतो किंवा अर्धवट चावून गिळतो. म्हणून कडबा सु. २ ते ३ सेंमी. लांबीचा कुट्टी करून, पाणी शिंपडून द्यावा. याहून बारीक भुकटी करू नये. तिचे चर्वण होत नाही व आतड्यात तुंबा बसण्याचा संभव असतो. (२) करड : डोंगरी वाळलेले गवत फुलोऱ्याच्या सुमारास कापलेले असल्यास कडब्याहून सकस असते. बी झडून गेल्यावर कापलेले गवत केवळ पोट भरते. (३) गव्हाचा भुसा व भाताचा पेंढा : हे एकट्याने पुरेसे नाहीत. अन्य वैरणीत निम्म्यापर्यंत मिसळून आणि हळूहळू सवय लावून ते चालतात. पेंढ्यात सिलिका व ऑक्सॅलेट यांचे प्रमाण जास्त असते. (४) उसाचे वाढे : दुष्काळात साखर कारखान्यांच्या परिसरात वाढे सहज मिळतात. त्यांत सु. ७० टक्के पाणी असल्याने ती दिसायला पुष्कळ पण पोषणास थोडी ठरतात. त्यांतील ऑक्सॅलेट आहारातील कॅल्शियमला बांधून ठेवते. (५) लसूणघास : यात प्रथिने १५ ते २० टक्के असून कॅल्शियम व कॅरोटीन भरपूर असते. विहिरीला थोडे पाणी असलेल्या शेतकऱ्याने एखादा गुंठा लसूणघास राखला, तरी एकदोन तट्टांच्या निकृष्ट वैरणीस चांगली जोड मिळते. (६) भुईमुगाचा पाला : हा सकस असतो, मात्र त्यावरील माती झाडून व बुरशी तपासूनच द्यावा. (७) झाडपाला : सुबाभळीचा पाला प्रथिनयुक्त असल्याने गुरांसाठी त्याचा पुष्कळ प्रसार झाला. त्यातील मिमोसीन हे द्रव्य घोड्यास मात्र बाधते. आयाळ व शेपटीचे केस गळू लागतात. म्हणून हा पाला घोड्याचे मुख्य खाद्य होऊ देऊ नये व गाभण घोड्यांस मुळीच देऊ नये. (८) मुरघास : गुरांना मानवणारा मुरघास नीट दाबलेला नसल्यास घोड्यात बॉट्युलिझम ही प्राणघातक विषबाधा घडवू शकतो. घोडा या विषास अतिशय संवेदनशील असल्याने शंकास्पद मुरघास त्याला देऊ नये.

ऑक्सॅलेटयुक्त गवतांचा प्रश्न स्वतंत्रपणे ध्यानात घ्यावा लागतो. संकरित नेपिअर, पॅरा गवत, अंजन गवताचा वर्ग, भाताचा पेंढा व वाढे हीच प्रमुख वैरण महिनोन्‌महिने दिली गेल्यास रक्तातील कॅल्शियम टिकविण्यासाठी हाडांतील कॅल्शियम झिजते. हाडे ठिसूळ होतात, चेहऱ्याची हाडे फुगून डोके मोठे दिसते व घोडा लंगडू लागतो. ऑस्ट्रेलियाच्या उष्ण कुरणांवर हा विकार प्रसिद्ध आहे. गाईच्या पोटातील सूक्ष्मजीव ऑक्सॅलेटचे विघटन करीत असल्याने तिला हा त्रास सहसा होत नाही. लसूणघासाची जोड व खनिज मिश्रण यांमुळे घोड्यातही तो टाळता येतो.

चंदी : घोड्यास देण्यात येणाऱ्या दाण्याच्या खुराकास चंदी म्हणतात व तो तोबऱ्यात घालून देण्याची रीत आहे. महाराष्ट्रात भिजविलेला हरभरा व दक्षिणेत शिजविलेले कुळीथ ही चंदीची मुख्य धान्ये होत. कुळिथास इंग्रजीतही घोड्याचे कडधान्य अशा अर्थाचे नाव आहे. दोहोंत प्रथिने २० टक्क्यांच्या आसपास असल्याने कडब्यातील उणीव ती चांगली भरून काढतात. कुळिथातील पचनरोधक द्रव्ये उष्णतेने नष्ट होतात, म्हणून ते शिजवूनच देतात. ओट, सातू (जव) व मका ही ऊर्जादायक धान्ये होत. यांत ओट सर्वांत निर्धोक असून मक्यात स्टार्च सर्वाधिक असतो. अख्खा मका न देता भरडून द्यावा.

धान्याची एका वेळची मात्रा २५० किग्रॅ.च्या तट्टास एक किग्रॅ.पेक्षा व मोठ्या घोड्यास दोन किग्रॅ.पेक्षा जास्त नसावी. अधिक देणे भाग असल्यास दिवसातून तीन-चार वेळा विभागून द्यावी. चंदीच्या आधी थोडी वैरण घालावी. आहारातील कोणताही बदल आठ ते चौदा दिवसांत टप्प्याटप्प्याने करावा, कारण नव्या खाद्याशी आतड्यातील सूक्ष्मजीवांना जुळवून घ्यावे लागते. खाद्यतेल हे स्टार्चविरहित ऊर्जेचे साधन असल्याने रोड घोड्यास रोज ५० ते १०० ग्रॅ. तेल सवय लावून देता येते.

गव्हाचा कोंडा स्वस्त व रुचकर असल्याने टंचाईत त्याचा अतिवापर होतो. त्यात फॉस्फरस सु. १ टक्का व कॅल्शियम त्याच्या साधारण एकदशांश असते. त्यामुळे मूठभर कोंड्याने कडब्यातील फॉस्फरसची उणीव भरून निघते. परंतु पाटीभर कोंड्याने वर वर्णन केलेला अस्थिविकारच जडतो. पूर्वी पीठगिरण्यांवरील घोड्यांत हा विकार आढळत असे.

नमुन्यादाखल २५० किग्रॅ. वजनाच्या, कामावर नसलेल्या तट्टाचा दैनिक आहार पुढीलप्रमाणे असू शकतो : कडब्याची कुट्टी ४ किग्रॅ., वाळलेला लसूणघास १ किग्रॅ. (किंवा हिरवा सु. ४ किग्रॅ.), भिजविलेला हरभरा (कोरडा असताना) २५० ग्रॅ., गव्हाचा कोंडा १०० ग्रॅ. व मीठ २० ग्रॅ. हलके काम असल्यास हरभरा, सातू वा ओट यांची एकूण मात्रा १ ते १·५ किग्रॅ.पर्यंत वाढवून दोन-तीन वेळांत विभागावी. लसूणघास मुळीच न मिळाल्यास हरभरा अर्धा किग्रॅ. करून खनिज मिश्रण द्यावे.

पाणी, मीठ व जीवनसत्त्वे : घोड्यास थंड हवेत व विश्रांतीत दर १०० किग्रॅ. वजनामागे सु. ५ लि. पाणी लागते. उन्हाळ्यात, कामावर असताना किंवा अंगावर शिंगरू असताना ही गरज दुप्पट वा त्याहून अधिक होते. हिरव्या गवतातून मिळणारे पाणी दुष्काळात बंद होते आणि कोरडी वैरण पचविण्यास जास्त पाणी लागते. पाणी तोडल्यास घोडा प्रथम खाणे कमी करतो व नंतर आतड्यात कोरड्या अन्नाचा तुंबा बसून पोटशूळ होतो. म्हणून वैरणीइतकीच पाण्याचीही तजवीज आधी करावी व दिवसातून तीन-चार वेळा पाणी दाखवावे. आटत आलेल्या डबक्यांत गाळ व विषारी नीलहरित शैवले असण्याचा धोका असतो. घामावाटे मीठ जात असल्याने रोज तट्टास १५ ते २५ ग्रॅ. व मोठ्या घोड्यास ३० ते ५० ग्रॅ. मीठ द्यावे, मात्र पाणी अपुरे असताना मिठाची मात्रा वाढवू नये.

यकृतातील अ जीवनसत्त्वाचा साठा काही महिने पुरतो. त्यामुळे एका उन्हाळ्यात त्याची उणीव सहसा जाणवत नाही. पण सलग दुसऱ्या वर्षी पाऊस न झाल्यास रातांधळेपणा, डोळ्यांतून पाणी येणे, केस निस्तेज होणे व अशक्त शिंगरे जन्मणे ही लक्षणे दिसतात. रोज एखादा किग्रॅ. ताजा हिरवा लसूणघास दिल्यास तट्टाची ही गरज भागते.

धोके : (अ) गुरांचे खाद्य : कोंबड्या व गुरे यांच्या काही तयार खाद्यांत मोनेन्सिन हे औषध मिसळलेले असते. गुरांना निर्धोक असणारी त्याची मात्रा घोड्याच्या हृदयाच्या स्नायूंचा नाश करते व मृत्यू ओढवतो. म्हणून घटक नेमके माहीत नसलेले पशुखाद्य वा कोंबडीखाद्य घोड्यास कधीही देऊ नये. युरिया-मळीच्या चाटणविटा व युरियाची प्रक्रिया केलेली वैरण यांचा गुरांना लाभ होतो, कारण त्यांच्या पोटातील सूक्ष्मजीव युरियापासून प्रथिने बनवितात. घोड्यात मात्र युरिया लघ्वांत्रातच शोषला जाऊन बहुतांशी मूत्रावाटे बाहेर पडतो. त्यापासून फारसा लाभ नाही व जास्त मात्रेने अपाय होतो. (आ) बुरशी : अवर्षणाचा ताण बसलेल्या मक्यावर विशिष्ट बुरशी वाढून फ्युमोनिसीन हे विष तयार होते. घोडा त्यास सर्वाधिक बळी पडतो. मेंदूचा पांढरा भाग विरघळून तो काही दिवसांत मरतो. काळवंडलेला, कुबट वासाचा दाणा वा वैरण भूक कितीही असली तरी टाकून द्यावी. (इ) कोवळी ज्वारी : पाण्याअभावी खुरटलेल्या व पावसानंतर फुटलेल्या ज्वारीच्या पोंग्यांत हायड्रोसायानिक अम्ल निर्माण करणारे द्रव्य असते. अशी ज्वारी दीर्घकाळ चरल्यास घोड्यात मूत्राशयाचा दाह व मागील पायांचा लुळेपणा उद्‌भवतो. पक्व व नीट वाळलेल्या कडब्यात हा धोका फारसा राहत नाही. (ई) विषारी वनस्पती : कण्हेर, धोतरा व एरंड या वनस्पती दुष्काळातही हिरव्या दिसतात. कण्हेरीची थोडी पाने हृदयक्रिया बंद पाडतात, धोतऱ्याने आतड्यांची हालचाल मंदावते आणि एरंडाच्या बियांतील रिसीनला घोडा फार संवेदनशील आहे. बांधावरील व आवारातील अशी झाडे काढून टाकावीत.

उपासमारीनंतरचे खाद्य : हाडांचा सापळा झालेल्या घोड्यासमोर दयेपोटी दाण्याची पाटी ठेवणे म्हणजे त्यास मृत्यूच्या दारी लोटणे होय. दीर्घ उपासानंतर एकदम स्टार्च मिळाल्यास रक्तातील इन्शुलीन वाढते. फॉस्फेट, मॅग्नेशियम व पोटॅशियम पेशींत ओढले जाऊन रक्तातील त्यांचे प्रमाण घसरते आणि तीन ते पाच दिवसांत हृदय वा श्वसन बंद पडू शकते. म्हणून आरंभी धान्य मुळीच न देता केवळ चांगला वाळलेला लसूणघास थोडा थोडा द्यावा. पहिले तीन दिवस दर चार तासांनी तट्टास पाव किग्रॅ. व मोठ्या घोड्यास अर्धा किग्रॅ. ही मात्रा योग्य ठरते. चौथ्या दिवसापासून ती हळूहळू वाढवून दहा दिवसांनंतर पोटभर वैरण द्यावी. जंतनाशक औषध थोडी शक्ती आल्यावर पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यावे. गेलेले वजन भरून येण्यास अनेक महिने लागतात.

याउलट, लठ्ठ तट्टे, गाढवे व गाभण घोड्या यांची वैरण एकाएकी तोडणेही धोक्याचे असते. अशा वेळी शरीरातील मेद वेगाने रक्तात उतरतो, यकृत निकामी होते व जनावर खाणे सोडून मरते. त्यामुळे वैरणीत कपात करावयाची झाल्यास ती क्रमाक्रमानेच करावी. पहिल्या पावसानंतर उगवलेल्या लुसलुशीत गवतावरही घोड्यास प्रथम अर्धा-एक तासच सोडावे, बाकी वेळ कडबा चालू ठेवावा व दोन-तीन आठवड्यांत पूर्ण चराईवर आणावे. गवताच्या मुळांना जोम धरण्यासही ही सवड उपयोगी पडते.

पूर्वनियोजन : दुष्काळातील आहाराचे यश उन्हाळ्यात नव्हे, तर सुगीच्या वेळी ठरते. वर दिलेल्या नमुन्याप्रमाणे एका तट्टास फेब्रुवारी ते जून या पाच महिन्यांसाठी सु. ६०० किग्रॅ. कडबा व १५० किग्रॅ. वाळलेला लसूणघास लागतो. नासधूस धरून याहून सु. दशांश अधिक साठा करावा. गंजी उंचवट्यावर रचून वरून शाकारावी. शिल्लक वैरणीचे वजन व पावसास उरलेले दिवस यांचा मेळ दर महिन्यास घालावा. साठा अपुरा दिसताच जनावरांची संख्या कमी करणे किंवा ती अन्यत्र हलविणे, हे त्यांचे वजन घसरण्यापूर्वीच करणे हिताचे असते. रोड झालेल्या जनावरास ना किंमत येते, ना प्रवास झेपतो.

हा विचार महाराष्ट्रात नवा नाही. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणनजीकच्या छावणीतील लष्करी अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा व वैरण आताच बेहिशेबी खर्च केल्यास पुढे काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील व तो दोष अधिकाऱ्यांचाच ठरेल, अशी ताकीद त्यात दिली आहे. वैरणीची उणीव रयतेकडून लुबाडून भरून काढू नये, तसेच चुली व दिवे यांपासून गवताच्या गंजीस आग लागू नये म्हणून दक्षता घ्यावी, असेही त्यात बजाविले आहे. वैरणीचे अंदाजपत्रक, साठ्याचे संरक्षण व टंचाईचा भार दुर्बलांवर न टाकणे ही तीनही सूत्रे आजही तितकीच लागू आहेत.

दुसरा परंपरागत उपाय स्थलांतराचा आहे. पठारावरील धनगर पावसाळा संपल्यावर मेंढ्या व तट्टे घेऊन घाट उतरून कोकणात किंवा वैरण-पाण्याच्या अन्य प्रदेशात जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. खाचरांतील धसकटे, पडीक जमिनी व बांधांवरील गवत यांवर जनावरे चरतात आणि शेतांना खत मिळते. माळरानांवर वाढती लागवड, वनीकरण व वस्त्या यांमुळे हे मार्ग आता आखडत चालले आहेत. ते जसजसे बंद होतील, तसतशी तट्टांच्या पोटाची मदार साठविलेल्या वैरणीवर अधिकाधिक येईल. यासाठी टंचाई निवारणाच्या योजनांत घोडा, तट्टू व गाढव यांचा वेगळा विचार होणे, छावण्यांत त्यांच्यासाठी युरिया व मोनेन्सिन यांपासून मुक्त अशी स्वतंत्र वैरण ठेवणे आणि गावपातळीवर कडब्याचे राखीव साठे उभारणे, या गोष्टी आवश्यक आहेत.